इटालियन ‘काल्चो’ म्हणजे लाथ, फुटबॉल, बंदुकीचा दस्ता आणि कॅल्शियम पण? हे एकाच शब्दात आलं कुठनं?

बागायतदार_तासगाव

नमस्कार मंडळी. प्रश्न शेतीचा म्हणावा तर शेतीचा आहे आणि भाषेचा म्हणावा तर भाषेचा. आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. फळछाटणीनंतर मणी सेट झाले की ड्रिपमधनं कॅल्शियम नायट्रेट सोडतो, साल घट्ट राहावी आणि अवकाळी पाऊस झालाच तर मण्याला तडे जाऊ नयेत म्हणून. यंदा दुकानदारानं इटलीहून आलेली बॅग दिली, वरती इंग्रजी-मराठी स्टिकर आहे पण मूळ छपाई सगळी इटालियन, मोठ्या अक्षरात ‘नित्रातो दि काल्चो’. आता माझा पोरगा सांगलीला बारावीला आहे, इटलीच्या फुटबॉलचा लई नाद, रात्री उशिरापर्यंत मॅच बघतो. तो बॅग बघून म्हणाला पप्पा काल्चो म्हणजे तर फुटबॉल, तिकडं लीगचं नाव घेताना हाच शब्द कानावर पडतो. मग मोबाईलवर डिक्शनरी काढली तर त्यात काल्चो म्हणजे लाथ, काल्चो म्हणजे फुटबॉल, काल्चो म्हणजे बंदुकीचा मागचा भाग जो खांद्याला लावतात, आणि काल्चो म्हणजे कॅल्शियम सुद्धा.

लाथ आणि फुटबॉल समजलं. पण लाथेचा आणि कॅल्शियमचा काय संबंध? कॅल्शियम हाडात असतं, हाड पायात असतं, पायानं लाथ मारतात, असं काही आहे का? आणि बंदूक मधेच कुठनं आली? घरात जेवताना सध्या हाच विषय चालतो, आमचे वडील म्हणतात लाथ मारायला ताकद लागते आणि ताकद कॅल्शियमनं येते. कुणी इटालियन किंवा लॅटिन शिकलेलं असेल तर मुळापासनं सांगा, लांबलं तरी चालेल, मला खरंच समजून घ्यायचंय.

सांगली_फुटबॉल

दादा फुटबॉलचं मी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतीलच. युरोपात बहुतेकांनी इंग्रजांचा फुटबॉल हा शब्दच आपल्या तोंडात बसवून घेतला, स्पॅनिशमधे फुत्बोल, पोर्तुगीजमधे फुतेबोल, जर्मनमधे फुसबाल. इटलीनं मात्र घरचा जुना शब्द लावला कारण त्या नावाचा खेळ त्यांच्याकडं आधीपासनंच होता. फ्लोरेन्स शहराचा खेळ, एका बाजूला २७ गडी, हात पाय दोन्ही चालतात आणि गुद्दागुद्दी पण चालते, व्हिडिओ बघितला तर कुस्ती आणि कबड्डी एकाच मैदानात सोडल्यासारखं दिसतं. १७ फेब्रुवारी १५३० ची मॅच तर इतिहासात नोंदलेली आहे, सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फौजेचा शहराला वेढा पडलेला होता, आत खायचे वांधे, आणि असल्या वेळेला फ्लोरेन्सची माणसं सांता क्रोचे चर्चच्या पुढच्या चौकात काल्चो खेळली, आम्ही तुम्हाला भीत नाही हे शत्रूला दाखवायला. पुढं १५८० मधे जोव्हान्नी दे बार्दी नावाच्या सरदारानं या खेळावर पुस्तकच छापलं, नियमांसकट. आजही दर जूनमधे त्याच चौकात माती पसरून चार वस्त्यांचे संघ खेळतात, निळे पांढरे तांबडे हिरवे, आणि फायनल २४ जूनला.

मग इंग्रजांचा फुटबॉल इटलीत आला १८९० च्या आसपास. १८९८ मधे त्यांची संघटना झाली तेव्हा तिच्या नावात फुटबॉल हाच शब्द होता, १९०९ मधे तो काढून काल्चो घातला, तेच नाव अजून आहे. खेळातल्या बाकीच्या शब्दांत मात्र काल्चोचा अर्थ साधा किक असाच आहे. पेनल्टीला काल्चो दि रिगोरे, कॉर्नरला काल्चो दांगोलो. खेळाडू तो काल्चातोरे.

कॅल्शियमचं मला वाटतं तुमचाच अंदाज बरोबर असेल, हाडावरनंच आलं असणार.

मेधा_सातारा

हाडावरनं नाही आलेलं. मी पुण्यात इटालियन शिकले आणि आता साताऱ्यात शिकवते, वर्गात हा शब्द निघाला की हाडांचा तर्क कुणीतरी करतंच, आणि तो इतका पटण्यासारखा वाटतो की खोडून काढायला वेळ लागतो. म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

काल्चो हा एक शब्द नाहीये. चांगला इटालियन शब्दकोश उघडा, तिथं काल्चो वेगवेगळ्या नोंदींत दिलेला असतो, प्रत्येकाच्या डोक्यावर बारीक आकडा, एक दोन तीन. कोशकार असा आकडा घालतो तेव्हा तो सांगत असतो की हे दिसायला सारखे आहेत पण यांना एका नोंदीत कोंबू नका. आपल्याकडचा पान हा शब्द घ्या. झाडाचं पान, खायचं पान, वहीचं पान, जेवायला पानं वाढली यातलं पान, हे सगळं एकच, संस्कृत पर्ण, प्राकृतात पण्ण, मराठीत पान. अर्थ फांद्यांसारखे फुटत गेले पण खोड एक. आता मद्यपान, धूम्रपान यातलं पान घ्या. ते ‘पिणे’ या अर्थाच्या पा धातूवरनं आलेलं, त्याचा पर्णाशी काही संबंध नाही. आता कुणी म्हणालं की पूर्वी पानाच्या द्रोणातनं पीत असत म्हणून पिण्याला पान म्हणतात, तर ऐकायला छान वाटेल पण ते खोटं आहे. लाथ आणि कॅल्शियमचं अगदी असंच झालंय.

आणि हा घोळ इटालियननं केलेला नाही, तो लॅटिनमधेच होता. लॅटिनमधे दोन काल्क्स होते. दोघं स्त्रीलिंगी, दोघांची रूपंही सारखीच चालायची, काल्क्स, काल्किस. एकाचा अर्थ टाच. दुसऱ्याचा अर्थ बारका दगड, आणि पुढं चुना.

आधी टाचवाला बघू. टाचेवरनं टाचेनं मारलेला फटका, म्हणजे लाथ, हा अर्थ लॅटिनमधेच पक्का झाला होता, ‘बुक्क्यांनी आणि टाचांनी’ मारलं असं ते म्हणायचे जसं आपण लाथाबुक्क्यांनी म्हणतो. तेरेन्स नावाचा नाटककार इसवी सनाच्या आधी दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा, त्याच्या नाटकात एक म्हण आहे, पराणीवर लाथ मारण्यात अर्थ नाही. तासगावकर दादांना पराणी सांगायला नको, बैलाला टोचायची. बैलानं चिडून पराणीवर लाथ झाडली तर त्याच्याच पायाला लागणार. यातली लाथ म्हणजे हाच काल्क्स. मूळ शब्द टाच या अर्थानं इटालियनमधे काल्कान्यो म्हणून राहिला आणि फटका या अर्थानं काल्चो झाला. तुडवणे म्हणजे काल्कारे. लॅटिनमधे पायताणाला काल्केउस म्हणत, त्यावरनं इटालियनमधे मोज्याला काल्त्सा, चांभाराला काल्त्सोलायो, पँटला काल्त्सोनी. हॉटेलात मिळतो तो घडी घातलेला पिझ्झा, काल्त्सोने, तो पण याच घरातला, शब्दशः मोठा मोजा.

आता दुसरा काल्क्स. हा बहुधा ग्रीकांकडनं घेतलेला, त्यांच्याकडं खालिक्स म्हणजे बारीक दगड, खडी. लॅटिनमधे त्याचा अर्थ दगड, मग चुनखडीचा दगड, मग तो भाजून केलेला चुना. त्याचंच लहान रूप काल्कुलुस, म्हणजे खडा. रोमन लोक हिशेबाच्या पाटीवर खडे सरकवून बेरीज-वजाबाकी करायचे, म्हणून कॅल्क्युलेट, कॅल्क्युलेटर. इंग्रजीतला चॉक पण याच चुन्याच्या काल्क्सवरनं. इटालियनमधे चुन्याला काल्चे म्हणतात. कळीच्या चुन्याला ते ‘जिवंत चुना’ म्हणतात आणि पाणी घालून शांत झालेल्याला ‘विझलेला चुना’, काल्चे वीवा आणि काल्चे स्पेंता. वासोट्यावर गेला असाल तर तिथं चुन्याचा घाणा बघितला असेल, बांधकामाचा चुना मळायचा, तसल्या चुन्याच्या कामावरनं इटालियनमधे आज काँक्रीटला काल्चेस्त्रुत्सो म्हणतात.

मग १८०८. लंडनमधे हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञानं चुन्यातनं विजेच्या मदतीनं एक नवा धातू वेगळा केला. चुन्यातनं निघाला म्हणून चुन्याच्या काल्क्सला ‘इयम’ जोडून त्यानं नाव दिलं कॅल्शियम. सोडियम आणि पोटॅशियमची नावं त्यानंच आदल्या वर्षी अशीच पाडली होती. इटालियनमधे लॅटिन ‘इउम’चं ‘इयो’ होतं, सोडियम सोदियो, पोटॅशियम पोतास्सियो, तसं कॅल्शियमचं काल्चो. म्हणजे हाडात कॅल्शियम असतं म्हणून नव्हे, चुन्यात सापडलं म्हणून ते नाव. लाथेचा काल्चो लोकांच्या तोंडी शेकडो वर्षं घासत घासत आला, धातूचा काल्चो प्रयोगशाळेतनं थेट पुस्तकात आला, आणि दोघं एकाच स्पेलिंगवर येऊन थांबले.

तुम्हाला स्वतःला असा शब्द सोडवायचा असेल तर त्याचे नातेवाईक बघायचे. काल्चोच्या एका बाजूला टाच, मोजा, तुडवणे, चांभार बसलेत, दुसऱ्या बाजूला चुना, खडा, हिशेब, काँक्रीट. दोन्हीकडची माणसं एकमेकांना ओळखत पण नाहीत. फक्त सांभाळायचं कुठं तर काल्कारेसारख्या ठिकाणी, क्रियापद असेल तर तुडवणे, टाचेकडचं, आणि नाम असेल तर चुनखडीचा दगड किंवा नळाला धरतो तो पांढरा क्षार, चुन्याकडचा.

एक्सरे_मिरज

मेधाताई हे वाचून मला राहवेना. मी मिरजेत एक्सरे-सोनोग्राफीच्या कामात आहे, हे दोन्ही काल्क्स आम्ही रोज टाइप करतो पण कधी असं डोक्यात आलं नव्हतं. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर मुतखड्याला आम्ही रीनल कॅल्क्युलस लिहितो. लोक विचारतात कॅल्क्युलस म्हणजे गणितातलं ना, मी आत्तापर्यंत नाही म्हणायचो. आता कळलं की दोन्हीकडं खडाच आहे. आणि मुतखडे बहुतेक करून कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात, म्हणजे शब्दातनं पण तोच आणि वस्तूतनं पण तोच.

दुसरीकडं टाच दुखते म्हणून माणसं येतात, विशेष करून सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टेकवत नाही अशी तक्रार. त्यांच्या एक्सरेत टाचेच्या हाडाला खालनं पुढं आलेलं टोक दिसतं, लोक म्हणतात टाचेत काटा वाढलाय. रिपोर्टवर कॅल्केनियल स्पर. टाचेच्या हाडाचं शास्त्रीय नावच कॅल्केनियस. तिथं तर कमालच म्हणायची, नाव टाचेच्या काल्क्सवरनं आणि तो काटा तयार होतो कॅल्शियम साचून, म्हणजे जन्मानं वेगळे असलेले दोघं माणसाच्या टाचेत खरोखर एकत्र भेटतात. पण ताई म्हणतात ते मी समजलो, भेटले म्हणून नातं लागत नाही.

वैद्य_कराड

एक शंका. आयुर्वेदात कल्क म्हणून प्रकार आहे, ओली वनस्पती वाटून केलेला लगदा. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम, फांट यातला कल्क. काल्क्स आणि कल्क इतके जवळ आहेत, आणि चुना पण वाटून, मळूनच करतात. मूळ संस्कृत असू शकतं का? ग्रीकांकडं आपल्याकडनं बरंच गेलेलं आहे.

मेधा_सातारा

वैद्यबुवा, ग्रीकांकडं आपले शब्द गेलेत हे खरंच आहे, मिरीचा शब्द पिप्पलीवरनं गेला, साखरेचा शर्करेवरनं. पण तिथं काय दिसतं बघा, वस्तू इकडनं गेली, व्यापाऱ्याबरोबर गेली, आणि नाव वस्तूबरोबर गेलं. चुनखडी रोमनांच्या पायाखाली होती, ती मागवायचं कारण नव्हतं. शिवाय अर्थ बघा. ग्रीक खालिक्स म्हणजे दगड, खडी, बांधकामातली भर. कल्क म्हणजे वाटलेला मऊ गोळा. वाटण्याचा अर्थ लॅटिनमधे सुरुवातीला नाहीच, आधी खडा आहे आणि मग भाजलेला चुना. आवाज जुळणं ही शोधाची सुरुवात म्हणून चालते, पुरावा म्हणून नाही चालत.

उलट आपला चुना बघा, तो चूर्णावरनं आलाय. चूर्ण, चुण्ण, चुना. तुम्ही म्हणता तो कुटण्या-वाटण्याचा विचार आपल्या शब्दात आहे. त्यांनी चुन्याला दगडाच्या बाजूनं बघितलं, आपण भुकटीच्या बाजूनं.

बागायतदार_तासगाव

ताई तुमचे मनापासनं आभार, वडिलांना पूर्ण वाचून दाखवलं. त्यांना बोर्डोचं आठवलं. आम्ही बागेवर बोर्डो मारतो ते १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. कळीचा चुना पाण्यात टाकला की नुसता खळाखळा उकळतो, बादली हाताला सोसत नाही, त्याला जिवंत म्हणणारा माणूस शंभर टक्के चुन्याजवळ बसलेला असणार. वडील अजून विळ्याचं पातं द्रावणात बुडवून बघतात, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, अजून घाला.

आता एक मदत करा. बॅगेच्या मागं स्टिकरखाली झाकलेली एक ओळ आहे, स्टिकरचा कोपरा सोलून वाचली. ‘नोन मिस्केलारे कोन सोल्फाती ए फोस्फाती’. सूचना वाटते. काय म्हणायचंय त्यांना?

मेधा_सातारा

ते ‘मेस्कोलारे’ किंवा ‘मिशेलारे’ असं काहीतरी असेल, अर्थ एकच. सल्फेट आणि फॉस्फेट यांच्यासोबत मिसळू नका. त्याचं कारण मात्र शेतीतलं कुणीतरी सांगा.

कृषी_पलूस

कारण मी सांगतो, आणि दादा हे वाचून पुढं जाऊ नका, महत्त्वाचं आहे. कॅल्शियम नायट्रेट एकटं पाण्यात एकदम छान विरघळतं. पण त्याच टाकीत ०:५२:३४ किंवा १२:६१:० यासारखं फॉस्फेटवालं खत टाकलं की कॅल्शियम आणि फॉस्फेट एकमेकांना धरतात आणि पांढरा साका तळाला बसतो. पोटॅशियम सल्फेट किंवा मॅग्नेशियम सल्फेट टाकलं तर जिप्सम तयार होतो, तो पण तसाच. खत गेलं ते गेलं, वर ड्रीपर बंद. आपल्याकडं आधीच पाणी क्षाराचं आणि जमीन चुनखडीची, त्यात हे केलं तर लॅटरलमधनं, म्हणजे ड्रिपच्या नळ्यांतनं, ॲसिड फिरवायची वेळ येते. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या दिवशी सोडा, आधी आणि नंतर साधं पाणी चालवून लाइन धुवून घ्या. आणि चुनखडीच्या जमिनीत चुना भरपूर असताना वरनं कॅल्शियम कशाला असं बरेच जण विचारतात, तर जमिनीतला चुना मुळांना लगेच घेता येत नाही आणि मण्याला जेव्हा पाहिजे तेव्हा तो मिळेलच असं नाही, हे पाण्यात विरघळलेलं असतं म्हणून लागू पडतं.

फौजी_सातारा

बंदुकीचं कुणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. माझी नोकरी मराठा लाइट इन्फंट्रीत झाली. त्या भागाला मराठीत दस्ता, आम्ही फौजेत बट म्हणायचो. दस्ता हा फारसी दस्तवरनं, दस्त म्हणजे हात. म्हणजे आपल्याकडं तो हाताचा आणि इटलीत टाचेचा, बरोबर ना मेधाताई? मला ते बसतं डोक्यात, कारण रायफल उभी टेकवली की जमिनीला जो भाग लागतो तो तोच. इंग्रजीत पण बटच्या वरच्या कोपऱ्याला हील म्हणतात आणि खालच्याला टो.

आमच्या रेजिमेंटची इटलीशी ओळख जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात पलटणी तिकडं लढल्या आणि दोघांना तिथंच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव. जाधव जगले वाचले, ९ एप्रिल १९४५ ची सेनिओ नदीवरची त्यांची कामगिरी. घाडगे कोकणातल्या माणगाव भागातले, वय २२. १० जुलै १९४४, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर जवळनं मशीनगन चालली, त्यांच्याशिवाय सगळे पडले, मेले नाहीतर जखमी झाले. ते एकटे तसेच पळत गेले, ग्रेनेड टाकून गन आणि गनर गारद केला, एकाला टॉमीगननं मारलं. मॅगझिन संपलं. बदलायला वेळ नव्हता. तेव्हा त्यांनी गन नळीकडनं धरली आणि उरलेल्या दोघांना तिनंच मारलं. नंतर लपलेल्या स्नायपरच्या गोळ्या लागून ते तिथंच गेले. २०२३ मधे त्या भागातल्या मोंतोने गावात त्यांचं स्मारक उभं केलंय, सूर्यघड्याळाच्या रूपात. नळी हातात धरली की मारणारं टोक म्हणजे दस्ता, म्हणजे तुमचा काल्चो. रिक्रूट असताना ही गोष्ट ऐकली की अंगावर काटा यायचा, अजून येतो.

मेधा_सातारा

काका, हे वाचून थोडा वेळ काहीच लिहिता आलं नाही. हो, बंदुकीच्या दस्त्याचा काल्चो टाचेच्याच बाजूचा. पण तो लाथेतनं आलेला नाही, गोळी सुटली की खांद्याला लाथ बसते म्हणून काल्चो असं काही जण सांगतात ते बरोबर नाही. बंदूक यायच्या आधी भाल्याच्या दांड्याचं खालचं टोक याच नावानं ओळखलं जायचं, आणि भाला काही खांद्याला लाथ मारत नाही. टाच म्हणजे सगळ्यात खालचा भाग, पायथा, हा अर्थ तिथं आहे. तोच अर्थ इटालियन कागदपत्रांत अजून चालतो, अर्जाच्या तळाला सही करा असं सांगायचं तर ‘इन काल्चे’ सही करा म्हणतात, कागदाच्या टाचेशी.

इथं मात्र चुनेवाले पण हक्क सांगतात. रोमच्या रथांच्या शर्यतीत शेवटची रेघ चुन्यानं आखायचे आणि तिलाच काल्क्स म्हणायचे, सेनेका या रोमन लेखकानं लिहून ठेवलंय की आत्ता आपण जिला क्रेता, म्हणजे खडू, म्हणतो तिला जुने लोक काल्क्स म्हणत. म्हणून काल्क्स म्हणजे शेवट असाही अर्थ लॅटिनमधे होता. कागदाचा तळ म्हणजे कागदाचा शेवटच की. इटालियन कोश टाचेच्या बाजूनं जातात आणि मलाही तेच पटतं, भाल्याच्या टोकामुळं. पण जिथं दोन शब्द इतकी वर्षं शेजारी राहिले तिथं बोलणाऱ्याच्या मनात दोघांचा रंग मिसळला असणार असं मला वाटतं.

आणि असा एक शब्द तर आपण सगळे रोज वापरतो. कॉजवे. पावसाळ्यात कृष्णेचं, कोयनेचं पाणी वाढलं की बातमी येते अमुक कॉजवे पाण्याखाली गेला. तो कॉज म्हणजे लॅटिन ‘काल्चाता’, विया काल्चाता, बांधून काढलेला रस्ता. फ्रेंचमधे तो शोसे झाला, स्पॅनिशमधे काल्सादा, आणि नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडात जाऊन कॉजवे. पण काल्चाता म्हणजे चुना घातलेला की टाचेनं तुडवलेला, यावर अभ्यासकांचे अजून दोन तट आहेत.

बांधकाम_विटा

तुडवलेलाच असणार असं मी ठामपणे म्हणतो. मी रस्त्याच्याच कामावर असतो. कुठलाही रस्ता घ्या, मुरूम पसरला, पाणी मारलं, की दाबल्याशिवाय तो रस्ताच होत नाही. आता रोलर आहे, पूर्वी धुम्मस होतं, त्याआधी माणसं आणि जनावरं चालवून दाबत असतील. चुना महाग वस्तू, भाजायला जळण किती लागतं, मैलोन्‌मैल रस्त्याला कोण घालेल?

मेधा_सातारा

माझाही कल तुडवण्याकडंच आहे, आणि तुमचं जळणाचं म्हणणं मी कधी ऐकलं नव्हतं, ते वजनदार आहे. फक्त दुसऱ्या बाजूचं एवढं सांगते की फ्रेंच अभ्यासकांत चुन्याचं मूळ मानणारे बरेच आहेत, त्यांच्या मते खडी चुन्यात बसवून पक्का केलेला तो काल्चाता, साध्या पायवाटेपेक्षा वेगळा म्हणून त्याला नाव मिळालं. तुडवलेले तर सगळेच रस्ते असतात, मग एकालाच तुडवलेला का म्हणावं, असा त्यांचा सवाल.

बांधकाम_विटा

हा मुद्दा आहे खरा. आणि माझ्याच विरोधात सांगतो, काळ्या मातीत आम्ही आजही चुना मिसळतो. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगा पडतात, तिच्यावर नुसता रोलर फिरवून काही उपयोग नाही, वर्षात रस्ता उठतो. थोडा चुना मिसळून, पाणी मारून दाबली की मग ती फुगायची कमी होते आणि वरचा थर टिकतो. पण ते पूर्ण रस्त्याला नाही, जिथं जमीन वाईट तिथंच. नदीकाठची, दलदलीची जागा असेल तर रोमनांनी पण तसं केलं असेल, आणि कॉजवे तर अशाच जागी लागतो.